आरटीएक्स ४०६० ला २७ इंची फोर-के मॉनिटर जोडावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आहे. सध्याचा मॉनिटर २४ इंची, फुल एचडी, ७५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा). बजेट ३५ हजार. दिवसा त्याच टेबलावर कंपनीचा लॅपटॉप लावून घरून काम, रात्री मित्रांबरोबर तासभर व्हॅलोरंट, आणि शनिवार-रविवारी सायबरपंक किंवा रेड डेड असे जड गेम. दोन मॉनिटर निवडून ठेवलेत: एक २७ इंची क्यूएचडी १८० हर्ट्झचा, दुसरा २७ इंची फोर-के १६० हर्ट्झचा. दोन्हींत तेरा-चौदा हजारांचा फरक. मित्राचं म्हणणं, ‘एकदाच घे, फोर-केच घे, पुढची पाच वर्षं बघायला नको.’ त्याचं ऐकावं का, असं विचारलंय.

मित्र अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग लोक समजतात त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. त्यामुळे ‘४०६० वर फोर-के? वेडा आहेस का?’ असं एका ओळीत उडवून लावणं मला पटत नाही. तरीही शेवटी मी तुम्हाला क्यूएचडीच घ्या म्हणणार आहे. का, ते जरा सावकाश सांगतो, कारण तुमच्या परिस्थितीत एखादी गोष्ट वेगळी असेल तर उत्तर उलटं फिरू शकतं.

मी नाशिकला सोळा-सतरा वर्षं कॉम्प्युटर जोडून देतोय. सुरुवातीला सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून माल आणायचो, आता बराचसा घरबसल्या मागवतो. २०१५ मध्ये हौसेने स्वतःसाठी २८ इंची फोर-के घेतला होता, ६० हर्ट्झ, टीएन पॅनेलचा. कार्ड होतं जीटीएक्स ९७०. घरी आणून खोक्यातली एचडीएमआय केबल लावली आणि माउस हलवला, तर पॉइंटर चिखलातून चालल्यासारखा. मॉनिटरचा एचडीएमआय १.४ होता, त्यातून फोर-के फक्त ३० हर्ट्झने जात होतं. डिस्प्लेपोर्टची केबल शोधून लावली तेव्हा ६० झाले. मग गेम लावले, आणि कार्डाने मान टाकली. वर्षभर त्या फोर-के मॉनिटरवर मी फुल एचडीत गेम खेळत होतो आणि आलेल्या-गेलेल्याला ‘फोर-के आहे’ म्हणून सांगत होतो.

पण पुढचं ऐका. त्यानंतर माझी तीन कार्डं बदलून झाली. तो मॉनिटर अजून चालू आहे, दुकानातले सीसीटीव्ही दाखवतो. मॉनिटर हा कॉम्प्युटरचा सगळ्यात चिवट भाग. कार्ड तीन-चार वर्षांत जुनं होतं, मॉनिटर सहज सात-आठ वर्षं टिकतो. तुमचा मित्र बरोबर आहे तो इथे: मॉनिटर घेताना आजचं कार्ड एवढाच विचार करू नये. फक्त मधली वर्षं कशी काढायची, हा प्रश्न तो विसरतोय.

आता हिशोब. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. क्यूएचडी २५६० गुणिले १४४०, म्हणजे ३६.९ लाख. फोर-के ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२.९ लाख. फुल एचडीवरून क्यूएचडीला जाताना कार्डाचं काम पावणेदोन पटीच्या आसपास वाढतं. क्यूएचडीवरून फोर-केला जाताना सव्वादोन पट, फुल एचडीच्या थेट चौपट. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, निघतात तो आकडा) अगदी त्याच प्रमाणात पडत नाहीत, पण जवळपास तसेच. माझ्या अनुभवात, जड गेममध्ये क्यूएचडीवर ६० मिळत असतील तर त्याच सेटिंगला फोर-केवर तीसच्या आगेमागे राहता.

४०६० ची खरी अडचण मात्र वेगापेक्षा मेमरीची आहे. ८ जीबी, आणि तिच्यापर्यंत जाणारा रस्ता, म्हणजे बस, १२८ बिटची. फोर-केला हाय टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची बारीक चित्रं) लावली, वर रे ट्रेसिंग (उजेड-सावल्यांचा खराखुरा हिशोब) चालू केलं की ८ जीबी भरतात. मेमरी भरली की एफपीएस शिस्तीत कमी होत नाहीत, गेम मधेच गचके खातो. वळणावर घोडा वळवलात आणि चित्र अर्धा सेकंद अडकलं, असं. सरासरी एफपीएसच्या तक्त्यात हे दिसत नाही, म्हणून तक्ते बघून घेतलेली माणसं नंतर फोन करतात: ‘सर, पन्नास दाखवतंय, पण खेळावंसं वाटत नाही.’

यावर तुम्ही म्हणाल, डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करण्याचं तंत्र, आहे की. बरोबर, आणि त्यामुळेच हा प्रश्न आज २०१५ इतका सोपा राहिलेला नाही. डीएलएसएस क्वालिटीवर ठेवलं की फोर-के मॉनिटरसाठी कार्ड आतमध्ये क्यूएचडीचंच चित्र काढतं आणि मग मोठं करतं. परफॉर्मन्सवर ठेवलं की आतलं चित्र फुल एचडी. उलट क्यूएचडी मॉनिटरवर क्वालिटी मोड म्हणजे आतून जेमतेम १७०७ गुणिले ९६०. म्हणजे फोर-के परफॉर्मन्स आणि क्यूएचडी क्वालिटी यांचं आतलं काम एकमेकांच्या फार लांब नाही, आणि माझ्या डोळ्यांना पहिलं बऱ्याचदा जास्त चांगलं दिसतं. गवत, तारा, लांबची पानं तिथे नीट राहतात.

मग अडलं कुठे? एक तर हे मोठं करण्याचं काम फुकट होत नाही. फोर-केला मोठं करायला लहान कार्डाला प्रत्येक फ्रेममागे जास्त वेळ लागतो, आणि गेममधले शेवटचे बरेच संस्कार, वरची अक्षरं, नकाशे वगैरे पूर्ण फोर-केलाच होतात. दुसरं, मेमरी पुन्हा तीच आठ. डीएलएसएसमुळे ती थोडी वाचते, पण आउटपुट फोर-केच असल्यामुळे क्यूएचडीइतकी वाचत नाही. फ्रेम जनरेशन (दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्डाने बनवलेली फ्रेम घालणं) ४०६० वर चालतं, पण ते स्वतःही मेमरी खातं, आणि मुळातले एफपीएस पन्नास-साठ नसतील तर आकडा वाढतो, हात मात्र जडच राहतो. सायबरपंक तुम्ही फोर-के परफॉर्मन्सवर, टेक्स्चर मध्यम ठेवून खेळू शकाल. खेळू शकाल एवढंच. दर नव्या गेमला अर्धा तास सेटिंगच्या खटपटीत जाईल. काही जणांना तेच आवडतं. मलाही आवडायचं, तिशीपर्यंत.

आता व्हॅलोरंट. त्याचं गणित पूर्ण वेगळं आहे. तो इतका हलका गेम आहे की तिथे बहुतेक वेळा प्रोसेसर मर्यादा घालतो, कार्ड नाही. क्यूएचडीवर तुमचं मशीन १८० हर्ट्झ आरामात भरेल. ७५ वरून १८० ला जाणं हा तुम्हाला पहिल्याच रात्री जाणवेल असा बदल आहे: ७५ हर्ट्झला एक फ्रेम १३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १८० ला ५.६. मात्र १६० आणि १८० यांच्यात एका मिलिसेकंदाचाही फरक नाही (६.२५ विरुद्ध ५.६), त्यावर भांडत बसू नका. तुम्ही निवडलेल्या दोन मॉनिटरांत वेगाच्या बाबतीत निवड करण्यासारखं काही नाही.

फोर-के मॉनिटरांत हल्ली ड्युअल-मोड नावाचा प्रकार आलाय, फोर-केला १६० आणि बटण दाबलं की फुल एचडीला ३२० हर्ट्झ. जाहिरात आकर्षक आहे. पण २७ इंचावर फुल एचडी म्हणजे इंचाला ८२ पिक्सेल, तुमच्या आजच्या २४ इंचीपेक्षाही जाडंभरडं. त्यावर ९२ आहेत. स्पर्धेत उतरणारे खेळाडू २४-२५ इंचीवर फुल एचडी खेळतात, त्याचं एक कारण हेच. रात्रीच्या तासाभराच्या मजेसाठी ते बटण तुम्ही आठवड्याभरात विसराल.

इथपर्यंत गेमचं झालं. पण तुमच्या प्रश्नात मला खटकली ती दुसरीच गोष्ट. तुम्ही ‘गेमिंग मॉनिटर’ विचारलात, आणि मधेच सहज लिहून गेलात की दिवसा त्याच पडद्यावर काम असतं. म्हणजे आठ-नऊ तास अक्षरं आणि दीड-दोन तास गेम. या मॉनिटरचं खरं गिऱ्हाईक दिवसा बसणारा माणूस आहे, आणि त्याची बाजू फोर-केकडे झुकते. हे मी मुद्दाम स्पष्ट सांगतोय, कारण बहुतेक सल्ले इथे गप्प बसतात.

२७ इंचावर क्यूएचडी म्हणजे इंचाला १०९ पिक्सेल, फोर-के म्हणजे १६३. आकडा एकटा काही सांगत नाही, अंतर धरावं लागतं. चांगल्या नजरेला साधारण एका अंशात साठ पिक्सेलपर्यंत फरक कळतो असं धरतात. डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर तुमचा सध्याचा मॉनिटर अंशाला ३८ पिक्सेल देतो, क्यूएचडी ४५, फोर-के ६७. म्हणजे दोन फुटांवरून क्यूएचडीवर बारकाईने बघितलं तर अक्षराच्या कडा थोड्या दिसतात, फोर-केवर दिसत नाहीत. तुम्ही ९० सेंटिमीटरवर बसत असाल तर क्यूएचडीसुद्धा ६७ च्या आसपास जातो आणि हा फरक जवळपास विरून जातो.

इंग्रजी कोड वाचताना क्यूएचडी पुरेसा आहे, मी स्वतः तोच वापरतो. पण देवनागरी जास्त वाचत असाल तर फरक मोठा वाटतो. आपल्या लिपीत काना, मात्रा, रफार, अनुस्वार, सगळं एकाच उंचीत कोंबलेलं असतं. लहान अक्षरांत फुल एचडीवर ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ ओळखायला मान पुढे करावी लागते. माझ्याकडे प्रूफ वाचणाऱ्या एक बाई येतात. त्यांना मी गेम वगैरे काही न विचारता २७ इंची फोर-के दिला, साधा ६० हर्ट्झचा, आणि विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चिन्हांचा आकार, १५० टक्के केलं. तेवढं केलं की पडद्यावर मावणारा मजकूर क्यूएचडीइतकाच राहतो, पण अक्षर छापल्यासारखं येतं. त्यांचा परत फोन आला नाही. आमच्या धंद्यात याहून मोठी पावती नसते.

तर तुमचं काम कोणत्या जातीचं आहे, हे तुम्हीच ठरवायचं. दिवसभर मीटिंग, एक्सेल, ब्राउझर असेल तर क्यूएचडी उत्तम. दिवसभर बारीक मजकूर, डिझाइन, किंवा फोटोचं काम असेल तर फोर-केचं पारडं जड. आणि कंपनीचा लॅपटॉप कोणत्या तारेने जोडता तेही बघा. जुन्या लॅपटॉपांच्या एचडीएमआयमधून फोर-के ३० हर्ट्झनेच निघतं, माझ्या २०१५ च्या चिखलासारखं. टाइप-सी असेल तर त्यातून डिस्प्ले बाहेर पडतो का ते लॅपटॉपच्या मॉडेलवर अवलंबून. दिसायला सारख्या टाइप-सी खोबणी, पण काही फक्त चार्जिंग आणि डेटापुरत्या असतात.

टेबल. हे तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मला तेच सगळ्यात आधी हवं होतं. भाड्याच्या फ्लॅटमधलं वर्क-फ्रॉम-होमचं टेबल बहुधा दोन फूट खोल असतं, कधी दीड. मॉनिटरचा पाय त्यातले वीस-पंचवीस सेंटिमीटर खातो. मग पडदा नाकाशी येतो, आणि माणूस खुर्ची मागे सरकवून, हात लांब करून काम करतो. सहा महिन्यांनी खांदा दुखतो आणि दोष मॉनिटरला. २७ इंची पडद्याची रुंदी जवळपास ६० सेंटिमीटर, ३२ इंचीची ७१. दीड फुटाच्या टेबलावर ३२ इंची ठेवला तर व्हॅलोरंटचा कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवावी लागते. म्हणून ‘फोर-के घ्यायचा तर ३२ इंचीच घ्या’ हा सल्लाही टेबल मोजल्याशिवाय मी देत नाही. आणि हो, ३२ इंची क्यूएचडी अजिबात नको. तो परत इंचाला ९२ पिक्सेल, म्हणजे तुमचा आजचाच मॉनिटर फुगवलेला.

यावर स्वस्त उपाय म्हणजे टेबलाच्या कडेला अडकवायचा मॉनिटर आर्म. पाय जातो, पडदा भिंतीपर्यंत मागे जातो, उंची हवी तशी होते. घेण्याआधी मॉनिटरच्या पाठीवर आर्म बसवायची १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसा मापाची स्क्रूची भोकं आहेत ना, आणि टेबलाची फळी दमदार आहे ना, एवढं बघा. पातळ प्लायवर क्लॅम्प लावून फळीचा तुकडा पाडणारे दोघे जण माझ्या ओळखीत आहेत.

थोडक्यात इथवरचं: जड गेम ४०६० वर क्यूएचडीला सुखाने चालतील, फोर-केला तडजोडीने. व्हॅलोरंटला दोन्ही चालतील. अक्षरं फोर-केवर नक्की चांगली दिसतील. किती चांगली, ते तुम्ही किती लांब बसता त्यावर.

पॅनेलबद्दल. तुमच्या बजेटमध्ये आयपीएस आणि व्हीए या पडद्याच्या दोन जाती मिळतील. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१ किंवा वर. सिनेमा अंधारात बघायला व्हीए सुरेख दिसतो. पण स्वस्त व्हीएमध्ये गडद रंग बदलायला वेळ लागतो, आणि काळ्या भिंतीसमोरून माणूस पळाला की मागे शाईचा ओघळ राहतो. रेड डेडमधली रात्र अशा पडद्यावर बघून एक मुलगा मॉनिटर परत घेऊन आला होता, त्याला वाटलं पडदा खराब आहे. पडदा ठीक होता, जातच तशी. दिवसा काम, रात्री व्हॅलोरंट या मिश्रणाला आयपीएस घ्या. अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यांत करडी चमक दिसेल, ती असणारच. मागे एक मंद दिवा लावला की डोळ्यांनाही बरं पडतं.

खोक्यावरचं ‘१ एमएस’ मनावर घेऊ नका. ते ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा रंग लवकर बदलायला लावणारं सेटिंग) शेवटच्या टोकाला ताणून मोजलेलं असतं, आणि त्या सेटिंगला हलत्या वस्तूमागे पांढरी सावली येते. मधलं सेटिंग ठेवा. ‘एचडीआर ४००’ चंही तसंच. एचडीआर म्हणजे उजेड आणि काळोख यांतलं अंतर वाढवून दाखवणं. व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये हे वर्ग सुरू केले तेव्हा ४०० च्या वर्गाला पडद्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करण्याची अट नव्हती. ते नसेल तर उजेड वाढवताना काळंही करडं होतं. या किमतीत एचडीआर आहे म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका.

ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणारा पडदा) तुमच्या बजेटबाहेर आहे, पण पुढे मोह होईल म्हणून दोन शब्द. गेमसाठी त्यासारखं काही नाही. मात्र दिवसभर तीच टास्कबार, तोच एक्सेलचा पट्टा उघडा ठेवणाऱ्याला डाग पडण्याची भीती खरी आहे. शिवाय एक आपल्याकडची गोष्ट: हे पॅनेल स्टँडबायमध्ये गेल्यावर स्वतःची दुरुस्ती करून घेतं, त्यासाठी वीज चालू असावी लागते. आपण रात्री भिंतीवरचं बटण बंद करून झोपतो. ती सवय चांगली आहे, पण या पडद्याला ती मानवत नाही. त्यातल्या क्यूडी-ओएलईडी या प्रकारावर खिडकीचा उजेड पडला तर त्याचं प्रसिद्ध काळं जांभळट-करडं दिसतं, हेही दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कळत नाही.

कुणी ३४ इंची अल्ट्रावाइड, म्हणजे जास्त रुंद पडदाही सुचवेल. ३२ इंचांवरच्या मॉनिटरला २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी २८ टक्के जीएसटी होता, आता १८ झाला, त्यामुळे ते थोडे आवाक्यात आले. ३४४० गुणिले १४४० म्हणजे ४९.५ लाख पिक्सेल, क्यूएचडी आणि फोर-केच्या मधलं ओझं. सायबरपंकला देखणा. व्हॅलोरंट मात्र दोन्ही बाजूंना काळे पट्टे टाकतं. तुमच्यासाठी नको.

तारेचं सांगतो आणि निकालाकडे येतो. फोर-के १४४ किंवा १६० हर्ट्झ न्यायचं तर डिस्प्लेपोर्ट १.४ ची मूळ क्षमता अपुरी पडते, तिथे डीएससी नावाचं दाबून पाठवण्याचं तंत्र लागतं. ४०६० ला ते येतं, डोळ्यांना फरक कळत नाही, घाबरू नका. एचडीएमआय २.१ नेही जाईल, फक्त खोक्यावर २.१ लिहिलं म्हणजे पूर्ण ४८ गिगाबिट मिळतीलच असं नाही. कमाल किती हर्ट्झ ते माहितीपत्रकात बघा. क्यूएचडीच्या बऱ्याच मॉनिटरांत एचडीएमआय १४४ लाच थांबतो आणि १८० फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतात. तेव्हा गेमिंग मशीन डिस्प्लेपोर्टवर, कंपनीचा लॅपटॉप एचडीएमआयवर, अशी वाटणी करा.

तर माझा सल्ला: २७ इंची क्यूएचडी आयपीएस, तुम्ही निवडलेला १८० हर्ट्झचाच. वाचलेल्या तेरा-चौदा हजारांतले दोन-अडीच हजार आर्मला, उरलेले पुढच्या कार्डासाठी बाजूला. ४०६० विकून त्यात हे पैसे घातले की १२ किंवा १६ जीबीच्या कार्डाकडे तुम्ही मॉनिटर बदलण्याआधी पोहोचाल, आणि क्यूएचडीवर ते कार्ड बरीच वर्षं सुखात राहील. फोर-केवर मात्र तेच कार्ड पहिल्या दिवसापासून धापा टाकायला लागेल. मोठ्या रिझोल्यूशनचा मॉनिटर हा हत्ती पाळण्यासारखा आहे, विकत घेणं त्यातला स्वस्त भाग.

फोर-केच घ्या, असं मी तीनच परिस्थितींत म्हणेन. कार्ड येत्या वर्षात बदलायचं नक्की ठरलंय आणि पैसे बाजूला ठेवलेत, हप्त्याच्या आशेवर नाही, तर. दिवसाचं काम बारीक अक्षरांचं आहे आणि जड गेम महिन्यातून दोनदाच होतात, तर. किंवा घरात पीएस५ हा गेम कन्सोल आहे आणि तोही याच पडद्याला लागणार आहे, तर. पीएस५ फोर-केसाठीच बनलाय, क्यूएचडीचा आधार त्याला सप्टेंबर २०२२ मध्ये अपडेटने मिळाला, आणि त्याचं व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचे हर्ट्झ बदलणं) एचडीएमआय २.१ वरच चालतं. यातलं एखादं जरी तुम्हाला लागू असेल तर मित्राला चहा पाजा आणि त्याचं ऐका. फोर-के घेतलात आणि एखादा गेम झेपला नाही, तर क्यूएचडी लावण्याऐवजी फोर-केच ठेवून डीएलएसएस परफॉर्मन्स करा. चित्र जास्त नीट राहतं.

मागवण्याआधी तुमच्या गावात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का आणि किती मृत पिक्सेल असतील तर बदलून देतात, हे दोन प्रश्न विचारून घ्या. उत्तरं कंपनीगणिक वेगळी असतात. आला की खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, सलग, लेबलसकट. मग पूर्ण पडदाभर काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं चित्र लावून एकेक मिनिट बघा. परत करण्याची मुदत संपण्याआधी हे करायचं. ती संपल्यावर केलेल्या तपासणीला फारसा अर्थ राहत नाही.

आणि सगळं जोडून झालं की विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने १८० करा. नवा मॉनिटर बऱ्याचदा ६० वरच सुरू होतो. गेल्या दिवाळीत एक गिऱ्हाईक सीपीयू साफ करायला घेऊन आलं, बरोबर मॉनिटरही. १६५ हर्ट्झचा मॉनिटर, नऊ महिने ६० वर चालवलेला. मी रिफ्रेश रेट बदलून दिला तेव्हा त्याने माउस दोनदा गोल फिरवला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, ‘नवीन बसवला काय?’